सोनापूरच्या घरातली भिंत

१८५७ साली आश्विनातली अमावस्या १७ ऑक्टोबरच्या सुमारास आली होती. त्याच्या दोन दिवस आधी, १५ ऑक्टोबरला, मुंबईच्या किल्ल्याबाहेर एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानात दोन माणसांना तोफेच्या तोंडी देण्यात आलं. एक होता मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन. दुसरा दहाव्या देशी पलटणीतला साधा शिपाई, मंगल गडिया. आरोप असा की दिवाळीत शहर गजबजलेलं असताना उठाव करायचा, शहर ताब्यात घ्यायचं, मग पुण्याकडे कूच करून नानासाहेबांची पेशवाई पुकारायची, असा बेत त्यांनी साथीदारांसह रचला होता. उत्तरेत दिल्ली नुकतीच इंग्रजांनी परत घेतली होती. कोल्हापूरच्या सत्ताविसाव्या पलटणीने जुलैअखेर बंड केलं होतं. साताऱ्यात गेंडामाळावर सप्टेंबरमध्ये सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला होता. मुंबईतही दारूगोळा होता आणि वात होती. ती पेटायच्या आत विझवणारा माणूस लष्करातला नव्हता. तो शहराचा पोलीसप्रमुख होता. नाव चार्ल्स फोर्जेट.

ताडदेवहून गोवालिया टँकच्या दिशेने चढणारा फोर्जेट स्ट्रीट रोज हजारो लोक पायाखाली घालतात. भाटिया हॉस्पिटलला पेशंट घेऊन येणारे टॅक्सीवाले ते नाव दिवसातून दहादा उच्चारतात. मुंबईत साहेबांची नावं असलेल्या रस्त्यांची वाण कधी नव्हती. त्यातली बरीच बदलली आणि काही चुकून राहिली. पण ज्या माणसाने या शहराच्या पोलीस आयुक्तपदाचा साचा घडवला, त्याची ओळख फक्त पत्त्याच्या एका ओळीत उरावी हे मला पटत नाही. तो मोठा होता म्हणून मी हे म्हणत नाही. त्याने जे केलं त्याचे बरे-वाईट परिणाम आजही आपल्या चौकीत, नाक्यावर आणि मोर्चात हजर आहेत, म्हणून म्हणतो.

फोर्जेट गोरा साहेब नव्हता, निदान पूर्ण नव्हता. वडील मद्रासच्या तोफखान्यातले अधिकारी. १७९९ साली टिपूचं श्रीरंगपट्टण पडलं त्या लढाईत ते जखमी झाले होते. मुलगा हिंदुस्थानात वाढला आणि इथल्याच बोली कानावर घेत मोठा झाला. त्या काळच्या भाषेत तो युरेशियन. इंग्रज अंमलदारांत जे विलायतेहून करार करून येत त्यांची पंगत वेगळी आणि इथे जन्मून नोकरीत घुसलेल्यांची वेगळी. फोर्जेट कायम दुसऱ्या पंगतीतला. सुरुवात केली ती भूमापनाच्या खात्यात. मग मराठी आणि हिंदुस्थानीचा सरकारी भाषांतरकार. पुढे पुण्याच्या पोलिसांचा प्रमुख, न्यायखात्यात सहायक न्यायाधीश, नंतर दक्षिण मराठा मुलुखात, म्हणजे धारवाड-बेळगावच्या बाजूला, पोलीस सुपरिंटेंडंट. ही यादी नीट वाचली की लक्षात येतं, हा माणूस जमिनीच्या बांधापासून कोर्टाच्या कठड्यापर्यंत सगळीकडे मराठी बोलणाऱ्या लोकांत वावरला होता. शेतकऱ्याची फिर्याद, सावकाराची हुंडी, कुळकर्ण्याची लबाडी, हे सगळं त्याने मूळ भाषेत ऐकलं होतं. मधे दुभाषी नव्हता.

१८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने त्याला मुंबईत आणलं. तेव्हाची मुंबई भराभर वाढत होती. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली होती. कापसाचा, अफूचा पैसा शहरात खेळत होता आणि पोलीस मात्र लोकांच्या दृष्टीने चोरांहून फार वेगळे राहिले नव्हते. तक्रार करायला गेलेल्याच्या खिशातून आधी काही निघाल्याशिवाय कागदावर काही चढत नसे. वर्तमानपत्रं ओरडत होती, व्यापारी अर्ज करत होते. १८५६ च्या कायद्याने शहराच्या पोलीस कारभाराला नवी चौकट मिळाली. विल्यम क्रॉफर्ड हा वरिष्ठ मॅजिस्ट्रेट त्या चौकटीच्या माथ्यावर बसला आणि खाली रोजचं काम फोर्जेटच्या अंगावर आलं. कागदावर त्याचा हुद्दा कधी सुपरिंटेंडंट, कधी डेप्युटी कमिशनर. शहर मात्र एकच साहेब ओळखत होतं.

आल्याबरोबर त्याने काय केलं? बैठक घेतली नाही, परिपत्रक काढलं नाही. कपडे बदलले. रंग सावळा, बोली अस्सल, चालण्या-बसण्याची ढब ठाऊक. मुंडासं बांधून तो बाजारात मिसळला की त्याला साहेब म्हणून कुणी ओळखणं शक्य नव्हतं. असा तो चौक्यांवर गेला, शिपायांशी बोलला, त्यांना लाच देऊ केली. ज्यांनी घेतली त्यांना दुसऱ्या दिवशी कचेरीत कळलं की आपण पैसे कुणाच्या हातून घेतले. खात्यात इतकी धास्ती बसली की नाक्यावर उभा असलेला कुठलाही फकीर, हमाल, कांदेबटाटेवाला साहेब असू शकतो असं शिपायांना वाटू लागलं.

भ्रष्टाचार निपटून काढण्याची ही रीत मला आजही थोर वाटते. एक साधी गोष्ट तीत होती: प्रमुखाने स्वतः फिर्यादीच्या जागी उभं राहायचं. आपल्याकडे गेल्या दीडशे वर्षांत आयोग किती झाले, अहवाल किती आले, पोलीस सुधारणांवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाशसिंग खटल्यात आदेशही दिले. पण अनोळखी गरीब माणूस म्हणून ठाण्याच्या बाकावर दोन तास बसून पाहणारा वरिष्ठ अधिकारी विरळाच. जे कुणी तसं करतात त्यांची बातमी होते. बातमी होते याचाच अर्थ ते नेहमीचं नाही.

त्याच्या वेषांतराच्या कथा पुढे फार पसरल्या. सगळ्यांत गाजलेली अशी. गव्हर्नरने त्याला थट्टेने आव्हान दिलं की माझ्या बंगल्यावरचे पहारे ओलांडून माझ्या खोलीत ये पाहू. तेव्हा गव्हर्नरचा मुक्काम परळच्या बंगल्यात असे, ज्या वास्तूत १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. सकाळी एल्फिन्स्टनने डोळे उघडले तर खोलीत हातात झाडू घेतलेला मेहतर उभा, आणि तो मेहतर म्हणजे फोर्जेट. गोष्ट सांगणाऱ्यांनी तीत थोडी भर घातलीही असेल. पण ती का टिकली याचं कारण तिच्या पोटात आहे. बंदूकधारी पहारेकऱ्यांना सरदार दिसतो, व्यापारी दिसतो, चोरही दिसतो. मैला उचलणारा माणूस दिसत नाही. त्याच्याकडे कुणी पाहतच नसे. जातीने आंधळ्या झालेल्या या समाजात कुठून शिरायचं हे फोर्जेटला ठाऊक होतं, आणि हे ज्ञान त्याला विलायतेच्या कुठल्या शाळेत मिळणार नव्हतं.

१८५७ च्या मे महिन्यात मीरत पेटलं तेव्हा मुंबईत गोरे सैनिक जेमतेम चारशेच्या घरात होते. देशी पलटणी तीन: दहावी, अकरावी आणि मरीन बटालियन. त्यांच्यावर नजर ठेवायची कुणी, यावरून लष्कर आणि पोलीस यांच्यात उघड मतभेद झाले. ब्रिगेडियर शॉर्ट यांना वाटत होतं की धोका शहरातल्या जमावाकडून, त्यातही मोहरमच्या गर्दीतून आहे. म्हणून त्यांनी गोऱ्यांच्या लहान लहान तुकड्या शहरभर पसरवायचं ठरवलं. फोर्जेटचं म्हणणं उलटं. गावातले लोक उठणार नाहीत, उठल्या तर पलटणी उठतील, आणि त्या उठल्यावर गावही पेटेल. तेव्हा आपली माणसं विखरू नका, पलटणींच्या जवळ एकवट ठेवा. हा अंदाज त्याने गल्ल्यांतून हिंडून बांधला होता. शॉर्ट आपला हुकूम बदलेनात. तेव्हा फोर्जेटने गव्हर्नरला सांगितलं की पोलिसांपुरता हा हुकूम मला मोडावा लागेल. एल्फिन्स्टनने उत्तर दिलं त्याचा आशय असा की हुकूम मोडणं जोखमीचं असतं, पण तुम्ही उतावीळपणा करणार नाही याची मला खात्री आहे.

पोलीसप्रमुख आणि राज्यकर्ता यांच्या नात्यात असं वाक्य क्वचित उच्चारलं जातं. यात परवानगी नाही, मनाईही नाही. जबाबदारी मात्र दोघांच्या डोक्यावर आहे आणि दोघांना ते माहीत आहे. पुढच्या काळात मुंबईने कितीतरी आयुक्त पाहिले. ज्यांच्या मागे असा विश्वास होता ते कठीण प्रसंगात निभावले. ज्यांच्या मागे नव्हता त्यांच्यावर खापर फुटलं.

त्या वर्षी गणेश चतुर्थी आणि मोहरमची सुरुवात ऑगस्टच्या एकाच आठवड्यात आली होती. शहरात दोन्हीकडची वर्दळ. मोहरमच्या त्या दिवसांत दहाव्या पलटणीतला एक ख्रिस्ती ढोलवाला दारू पिऊन हिंदूंच्या एका मिरवणुकीत घुसला आणि त्याने देवाची मूर्ती पाडली. पोलिसांनी त्याला धरून चौकीत टाकलं. पलटणीतले शिपाई धावून आले, चौकी फोडून त्याला सोडवून नेलं आणि पोलिसांनाच धरून बराकीत नेलं. त्यांना सोडवायला गेलेल्या पोलिसांशी झटापट झाली, त्यात शिपाई पडले, आणि सगळी पलटण खवळली. फोर्जेटला वर्दी मिळाली तेव्हा त्याने आपल्या गोऱ्या पोलिसांना मागून यायला सांगितलं आणि स्वतः घोड्याला टाच मारली.

पुढची काही मिनिटं त्याच्या सबंध कारकिर्दीचा कणा आहेत. बराकीच्या फाटकाशी पलटणीचे गोरे अधिकारी तलवारी उपसून आपल्याच शिपायांना आत रोखून धरत होते. फोर्जेट दिसताच शिपायांचा आवेश दुप्पट झाला. चौकीवाल्यांचा धनी हाच. अधिकारी त्याला ओरडून सांगू लागले, देवासाठी इथून जा. तो हलला नाही. यांना दंगा करायचाच असेल तर जितक्या लवकर होईल तितका बरा, असं उत्तर देऊन तो घोड्यावर तसाच बसून राहिला. हातात तलवार, मागे रिकामा रस्ता. शिपाई घुटमळले. एवढ्यात पन्नासपंचावन्न गोऱ्या पोलिसांची तुकडी येऊन ठेपली. मग त्याने फाटक उघडायला सांगितलं: मी तयार आहे. शिपाई तयार नव्हते. ते मागे सरले.

धाडस नि:संशय होतं. पण मला त्यात धाडसापेक्षा हिशेब जास्त दिसतो. आपली माणसं एकत्र ठेवा हा त्याचा हट्ट शॉर्टने मोडून काढला असता तर ती तुकडी पाच मिनिटांत पोचली नसती. आधी केलेला अंदाज त्या पाच मिनिटांत त्याच्या कामी आला.

त्यानंतर त्याने जे केलं ते सांगताना हात आखडतो, पण सांगायला हवं. पोलीस कचेरीच्या आवारात त्याने फाशीचा खांब उभारला. शहरातल्या ज्यांच्याविषयी संशय होता अशा वजनदार माणसांना बोलावून आणलं आणि खांबाकडे बोट दाखवून सांगितलं की तुम्ही गडबड करणार असं वाटायला जरा जरी कारण मिळालं तरी तुमची जागा तिथे. खटला नाही, आरोपपत्र नाही. बाजारात जो साहेब मुंडासं बांधून लोकांचं सुखदु:ख ऐकत होता, तोच हा साहेब. लोकांत मिसळण्याची कला आणि लोकांना धाकात ठेवण्याची कला त्याच्यापाशी वेगवेगळी नव्हती. खात्याच्या इतिहासात पहिली कौतुकाने आणि दुसरी नाइलाज म्हणून सांगितली जाते. मला त्या दोन्ही एकाच हाताच्या वाटतात. त्याच हवेत नाना शंकरशेटांसारख्या माणसावरही फितुरीचा संशय घेतला गेला. ज्याने शहराला शाळा दिल्या, आगगाडीच्या कंपनीत ज्याने पुढाकार घेतला, त्याच्याविरुद्ध काहीही शाबीत झालं नाही. पण संशयाच्या दिवसांत त्यालाही अपमान गिळावा लागला.

मोहरम गेला. फोर्जेटचे खबरे मात्र सांगत होते की पलटणीतले काही शिपाई रात्री गुपचूप जमतात. जागा होती सोनापूरची. म्हणजे आजचा मरीन लाइन्सचा, चंदनवाडीच्या स्मशानाचा परिसर. तेव्हा तिथे गावाची कड होती आणि पलीकडे समुद्र. घर गंगाप्रसाद नावाच्या माणसाचं. पूजापाठ करणारा आणि औषधं देणारा म्हणून त्याच्याकडे लोकांची ये-जा असे. पोलिसांचा माणूस आत शिरू शकत नव्हता. तेव्हा फोर्जेटने गंगाप्रसादलाच एका रात्री गुपचूप उचलून आणलं आणि धाकाने बोलतं केलं. मग तो स्वतः वेष पालटून त्या घरात गेला. बैठकीच्या खोलीला लागून एक अंधारी खोली होती. मधल्या भिंतीला भोकं पाडली होती. पलीकडे शिपाई आले, बसले, बोलू लागले. दिवाळीचे दिवस, लूट, पुणे, नानासाहेब. फोर्जेट अलीकडे उभा राहून एकेक शब्द ऐकत होता.

लष्करी अधिकाऱ्यांचा आपल्या पलटणींवर विश्वास इतका गाढ होता की पोलिसाचं कुणी ऐकलं नसतं. म्हणून पुढच्या बैठकीला त्याने मरीन बटालियनचे प्रमुख मेजर बॅरो यांनाच सोबत नेलं आणि भोकाला डोळा लावायला सांगितलं. बॅरोंना दिसले ते स्वतःचे शिपाई. हे माझेच लोक, हे शक्य तरी आहे का, अशा अर्थाचा उद्गार त्यांच्या तोंडून निघाला. त्या एका उद्गाराने खटल्याचा निकाल लागला होता. लष्करी न्यायालय बसलं. सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांना तोफेची शिक्षा, सहा जणांना जन्मठेपेचं काळं पाणी.

त्या भिंतीपाशी मी पुन्हा पुन्हा जाऊन थांबतो, कारण हा सगळा इतिहास आपल्यापर्यंत तिच्यातल्या भोकातूनच आला आहे. भोकाच्या अलीकडचा माणूस इंग्लंडला गेला, १८७७ साली त्याने पुस्तक लिहिलं आणि त्यात आपल्या नोकरीची हकिकत सांगितली. पुढे एस. एम. एडवर्ड्‌स यांनी मुंबई पोलिसांचा इतिहास लिहिला. तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एडवर्ड्‌स स्वतः १९०९ ते १९१६ मुंबईचे पोलीस कमिशनर होते. म्हणजे एका पोलीसप्रमुखाची गोष्ट दुसऱ्या पोलीसप्रमुखाने सांगितली, आणि पहिल्याने ती स्वतःच सांगितलेली होती. भिंतीच्या पलीकडे बसलेल्यांनी कुणासाठी काही लिहून ठेवलं नाही. सय्यद हुसेन त्या घरात नेमका का जात होता? अवधातल्या जप्तीचा राग होता, काडतुसांची शंका होती, पगाराचं दुखणं होतं की खरोखरच पेशव्यांच्या गादीवर श्रद्धा होती? लुटीचा बेत हा शब्द आरोप करणाऱ्यांचा आहे. बंड करणाऱ्याला आपण लुटारू आहोत असं वाटत नसतं. हवालदार मुसलमान आणि दुसरा हिंदू, आणि दोघांनी एकाच घरात बसून एकाच राज्याचं स्वप्न पाहिलं, एवढं तर शत्रूच्या हकिकतीतूनही स्पष्ट दिसतं. एवढ्यासाठीही त्यांना पहिला मुजरा करायला हवा, मग फोर्जेटकडे वळायला हवं.

पुढची वर्षं त्याच्या भाग्याची. १८५९ साली शहरातल्या हिंदी व्यापाऱ्यांनी त्याला मानपत्र आणि तेराशे पौंडांहून जास्त रकमेची थैली दिली. ज्यांच्या पेढ्या त्या दिवाळीत लुटल्या जातील अशी भीती होती त्यांची ही कृतज्ञता होती आणि ती खोटी नव्हती. लूट झाली असती तर भाटिया, पारशी, बोहरी कुणीच सुटलं नसतं. त्याचबरोबर तो शहराच्या तीन म्युनिसिपल कमिशनरांपैकी एक होता. १८५८ च्या कायद्याने ही त्रयी नेमली होती. किल्ल्यात टाउन हॉलसमोर कापसाच्या गासड्यांनी, कचऱ्याने भरलेलं जुनं बॉम्बे ग्रीन होतं. तिथे गोल बाग आणि भोवती एकसारख्या इमारती कराव्यात ही मूळ कल्पना फोर्जेटची. एल्फिन्स्टनने ती उचलली, पुढे बार्टल फ्रियरच्या काळात काम झालं आणि त्याला एल्फिन्स्टन सर्कल नाव पडलं. आज ते हॉर्निमन सर्कल आहे. जालियनवाला बागेची हकिकत छापल्याने ज्यांना सरकारने देशाबाहेर काढलं त्या बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव पोलीससाहेबाने सुचवलेल्या बागेला मिळालं, याचा मला आनंद वाटतो.

१८६४ च्या सुमारास फोर्जेट पायउतार झाला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव होता, शहर शेअरबाजाराच्या धुंदीत होतं, आणि बॅकबे भरणीच्या कंपनीचे शेअर त्यालाही भेट म्हणून मिळाले. तो विलायतेला गेल्यावरही व्यापारी त्याला विसरले नाहीत. सरकारचं मात्र वेगळं. जादा पेन्शन मिळाली, पण किताब नाही, सन्मानचिन्ह नाही. त्याच्यानंतर आलेल्या फ्रँक सूटरने चोवीस वर्षं मुंबईचं पोलीसखातं सांभाळलं. तो ‘सर’ झाला. फोर्जेटने १८५७ मध्ये मुंबई हातची जाऊ दिली नाही, तरी तो ‘मिस्टर’च राहिला आणि १८९० साली तसाच वारला. आपल्या कामाची पुरती कदर झाली नाही ही खंत त्याच्या पुस्तकात आहे. ज्या सावळ्या रंगामुळे तो मेहतर म्हणून गव्हर्नरच्या खोलीत शिरू शकला, त्याच रंगाने त्याला वरच्या पंगतीत बसू दिलं नाही. त्याने आपली सारी कला या साम्राज्याच्या पायाशी वाहिली होती. साम्राज्याने ती वापरली आणि त्याला जागच्या जागी ठेवलं.

फोर्जेट गेल्यावर मुंबईच्या कमिशनरच्या खुर्चीत सगळे युरोपीय बसले. सूटर, विल्सन, व्हिन्सेंट, केनेडी, गेल, एडवर्ड्‌स, केली, शेवटचे कॅफिन. पहिला भारतीय कमिशनर, जे. एस. भरुचा, स्वातंत्र्याच्या दिवशी आला. दरम्यानच्या काळात फोर्जेटने घालून दिलेली वहिवाट मात्र चालू राहिली: खबऱ्यांचं जाळं, वरिष्ठाला थेट भेटणारा गुप्त शाखेचा माणूस, संशयितांना बोलावून दम देणं, आणि जमावासमोर कमिशनरने स्वतः उभं राहणं. लाच देऊन पाहणारा वेषधारी प्रमुख ही वहिवाट मात्र फार काळ टिकली नाही. नव्या साहेबांना ती भाषाच येत नव्हती.

आझाद मैदानाच्या बोरीबंदराकडच्या टोकाला सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांच्या स्मृतीत अमर जवान स्मारक आहे. जुन्या एस्प्लनेडचाच तो तुकडा. ११ ऑगस्ट २०१२ ला आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसाचाराच्या निषेधाची सभा तिथे भरली. ती हाताबाहेर गेली, पोलिसांवर आणि माध्यमांवर हल्ले झाले, दोन जण गेले आणि जमावातल्या काहींनी हे स्मारक तोडलं. स्मारकावर लाथ मारणाऱ्याचं छायाचित्र देशभर फिरलं. तोडणाऱ्यांना माहीत नव्हतं की त्यावरचं एक नाव हुसेन आहे. चिडलेल्या शहरातल्याही फार थोड्यांना माहीत होतं की ही माणसं कोण. तेव्हाचे आयुक्त अरूप पटनायक यांनी त्या दुपारी गोळीबाराचा भडका होऊ दिला नाही. त्यांच्या संयमावर टीका झाली, मोर्चे निघाले आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला त्यांना बदलण्यात आलं. सत्यपाल सिंह आले.

पटनायक चुकले की बरोबर होते याचा वाद अजून होतो. रमझानच्या महिन्यात, हजारोंच्या जमावात, गोळीबार पसरला असता तर संध्याकाळपर्यंत किती प्रेतं पडली असती याचा विचार करून मी त्यांच्या बाजूने झुकतो. १९९२-९३ ची मुंबई ज्यांनी पाहिली त्यांना हे अधिक सांगायला नको. पण पोलिसांवर, त्यातल्या महिला शिपायांवर हात टाकला गेला त्यांचा संताप मला खोटा वाटत नाही. फोर्जेटचं धाडस पटकन कळतं, कारण तो घोड्यावर होता आणि समोर शत्रू होता. स्वतंत्र देशातल्या आयुक्तासमोर शत्रू नसतो, चिडलेले नागरिक असतात. तिथे तलवार उपसून उभं राहण्यापेक्षा ती म्यानात ठेवणं अवघड, आणि त्याबद्दल कुणी थैली देत नाही.

पोलीस अकादमीत शिकवायचाच तर फोर्जेटचा कोणता भाग शिकवावा? बराकीच्या फाटकावरचा प्रसंग सांगायला सोपा आहे आणि ऐकणारे टाळ्या वाजवतील. सोनापूरची भिंतही सांगतील, पाळतीचं उत्तम उदाहरण म्हणून. मी असतो तर १८५५ ची गोष्ट सांगितली असती, नवा साहेब मुंडासं बांधून चौकीवर गेला त्याची. पाळत ठेवायची तर आधी आपल्या खात्यावर. मोबाइलमध्ये शिरून बोलणं ऐकणारी साधनं आता सरकारांच्या हाती आहेत. त्यांच्यावरून संसदेत गदारोळ झाला, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये समिती नेमली. भोक पाडायला आता गंगाप्रसादच्या घरी जावं लागत नाही. पलीकडे बसलेल्याला ते दिसतही नाही. ऐकलेलं कुणापुढे ठेवायचं, किती ठेवायचं, कुणाच्या हुकमाने ऐकायचं, हे १८५७ मध्ये एकट्या फोर्जेटने ठरवलं. तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं. आज विधिमंडळ आहे, न्यायालयं आहेत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना मतदार बसलेले आहेत. त्यांना हे विचारण्याचा हक्क आहे.